नवउद्योजकाची दिनचर्या आणि घराचा उंबरठा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षे एखादी संस्था अखंड चालणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्यांनी आपला धंदा-व्यवसाय सांभाळून, घरदार सांभाळून, संध्याकाळचा वेळ काढून ही संस्था उभी केली, त्या सर्वांचे प्रथम कृतज्ञतापूर्वक स्मरण करतो. 'संध्याकाळचा वेळ काढून' हे शब्द मी हेतुपुरस्सर वापरले. कारण आज माझ्याकडे सोपविलेला विषय नेमका त्या संध्याकाळचाच आहे. ज्यांना आपण 'स्टार्टअप' म्हणतो ते नवे उद्योग काढणारी आपली मुले-मुली आपला दिवस कसा आखतात, आणि त्या दिवसात घरासाठी, शरीरासाठी व स्वतःसाठी काही उरते की नाही, याचा विचार आपल्याला करायचा आहे.

उद्योग आपल्या समाजाला नवा नाही. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९१९ मध्ये सिंधिया जहाज कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. जळगावच्या भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेलविक्रीपासून सुरुवात केली. आज 'स्टार्टअप' म्हणून जे ओळखले जाते, ते धाडस या माणसांनी तो शब्द प्रचारात येण्यापूर्वीच केले होते. केंद्र सरकारची 'स्टार्टअप इंडिया' योजना जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पर्यंत मान्यताप्राप्त स्टार्टअपची संख्या दीड लाखांच्या पुढे गेली. त्यांत आपल्या घरांतील मुले असणे स्वाभाविक आहे. या सभागृहात बसलेल्या कितीतरी आई-वडिलांना माझ्या या वाक्यासरशी आपल्या मुलाचा किंवा मुलीचा चेहरा आठवला असेल.

जुन्या पेढीची दिनचर्या आपणां सर्वांना ठाऊक आहे. सकाळी देवदर्शन, मग दुकान उघडणे, दुपारी डबा किंवा घरी जेवण, संध्याकाळी रोजकीर्द मिळवणे आणि गल्ला बंद करणे. ती दिनचर्या सोपी होती असे मी म्हणणार नाही. बारा-बारा तास गादीवर बसणारी माणसे आपण पाहिली आहेत. मुलांनी शाळेचा अभ्यास पोत्यांच्या थप्पीशेजारी बसून केला आणि घरातील स्त्रियांनी खालच्या दुकानाच्या वेळेनुसार वरच्या मजल्यावरची चूल पेटवली, हेही खरे आहे. परंतु त्या व्यवस्थेत एक गोष्ट निश्चित होती, ती म्हणजे दुकानाला फळी होती. फळी लागली की व्यवहार थांबे. शिवाय १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे बंधनकारक केले होते. मालकाला इच्छा असो वा नसो, त्या दिवशी बाजारपेठ शांत असे. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली; मात्र कामगाराला साप्ताहिक सुट्टी देणे आवश्यक ठरवले. कामगाराची सुट्टी कायद्याने राखली, मालकाची मात्र त्याच्यावर सोपवली. स्टार्टअपचा संस्थापक हा असाच मालक आहे; आणि त्याच्या दुकानाला फळीच नाही, कारण त्याचे दुकान त्याच्या खिशातील फोनमध्ये आहे.

हा तरुण रात्रंदिवस का राबतो, हे वडीलधाऱ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे. ती केवळ हौस नसते. पहिले कारण भांडवलाचे. आपल्या पेढीचे भांडवल घरचे असे; ते हळूहळू वाढे. स्टार्टअपचे भांडवल पुष्कळदा बाहेरच्या गुंतवणूकदाराचे असते. हातातील पैसा दरमहा किती खर्च होतो आणि तो आणखी किती महिने पुरेल, हा हिशेब संस्थापकाच्या डोक्यात सतत चालू असतो. या उरलेल्या महिन्यांना ते 'रनवे' म्हणतात, म्हणजे विमानाची धावपट्टी. धावपट्टी संपण्यापूर्वी विमान उडाले पाहिजे. दुसरे कारण घड्याळाचे. ग्राहक जर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असेल, तर तेथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. त्याचा कामाचा दिवस उजाडतो तो आपल्या घरात ताटे उचलून झाल्यानंतर. तिसरे कारण माणसांचे. आरंभी दोन-चार जणच असतात. त्यामुळे माल बनवणे, विकणे, हिशेब ठेवणे आणि तक्रारी ऐकणे हे सारे एकाच माणसाच्या वाट्याला येते.

मग जगातील अनुभवी संस्थापकांनी दिवसाची आखणी कशी केली? अमेरिकेतील पॉल ग्रॅहम यांचे उदाहरण मला सर्वांत उद्‌बोधक वाटते. १९९५ मध्ये त्यांनी स्वतःची संगणक कंपनी काढली, १९९८ मध्ये ती याहू कंपनीला विकली आणि २००५ मध्ये नव्या संस्थापकांना साहाय्य करणारी 'वाय कॉम्बिनेटर' ही संस्था सुरू केली. २००९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी वेळेचे दोन प्रकार सांगितले. व्यवस्थापकाचा दिवस तासातासाच्या खणांत विभागलेला असतो. एका खणात एक भेट, दुसऱ्यात दुसरी. निर्मात्याचा, म्हणजे जो काही घडवतो, लिहितो, रचतो त्याचा दिवस मात्र किमान अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या मोठ्या तुकड्यांत चालतो. दुपारी तीन वाजता अर्ध्या तासाची एक बैठक ठेवली, तर व्यवस्थापकाचा अर्धा तास जातो. पण निर्मात्याची सबंध दुपार मोडते. ज्याने सोन्याचा बारीक दागिना घडवला आहे किंवा वर्षाचा ताळेबंद जुळवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

संस्थापकाची अडचण अशी की त्याला ही दोन्ही कामे करावी लागतात. ग्रॅहम यांनी स्वतःच्या कंपनीच्या काळात दिवसाचे चक्क दोन दिवस केले होते. रात्रीच्या जेवणानंतर पहाटे तीनपर्यंत ते प्रोग्राम लिहीत, कारण त्या वेळी कोणी हाक मारत नसे. मग सकाळी अकरापर्यंत झोप आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत धंद्याची इतर कामे. पुढे संस्था चालवताना त्यांनी सर्व भेटी दिवसाच्या अखेरीस एकत्र गोळा करण्याची पद्धत ठेवली. या दोन पद्धतींतील फरक मला महत्त्वाचा वाटतो. पहिली झोपेच्या वेळेवर उभी होती, दुसरी इतरांना 'आता नाही, सायंकाळी या' असे सांगण्याच्या धैर्यावर. तरुणपणी पहिली जमते. टिकते ती दुसरी.

दुसरे उदाहरण जॅक डॉर्सी यांचे. २०११ मध्ये ते ट्विटर आणि स्क्वेअर या दोन्ही कंपन्यांत एकाच वेळी काम करत होते. त्यांनी प्रत्येक वाराला एक विषय वाटून दिला होता. सोमवारी व्यवस्थापन, मंगळवारी उत्पादन, बुधवारी विपणन व वाढ, गुरुवारी भागीदार, शुक्रवारी कंपनीची संस्कृती व भरती, शनिवारी सुट्टी, रविवारी चिंतन व पुढच्या आठवड्याची तयारी. मध्येच काही अडथळा आला तरी 'आज कोणता वार आहे' एवढे आठवले की मन पुन्हा मूळ कामावर येई. मात्र ही आखणी दोन कंपन्यांच्या मिळून रोजच्या सोळा तासांची होती, हेही सांगितले पाहिजे. आखणी सुबक असली म्हणजे ओझे हलके होते असे नाही.

अॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१८ मध्ये आपली दिनचर्या जाहीरपणे सांगितली होती. रात्री आठ तास झोप, सकाळी वर्तमानपत्र, कॉफी आणि मुलांबरोबर न्याहारी, पहिली बैठक दहा वाजता, अवघड निर्णय जेवणापूर्वी. संध्याकाळी पाचला एखादा कठीण प्रश्न आला तर तो उद्या सकाळी दहावर. दिवसात मोजके पण चांगले निर्णय घेणे हेच आपले काम, अशी त्यांची भूमिका. आमचे युवक लगेच म्हणतील की चोवीस वर्षे कंपनी चालवून झाल्यावर असे म्हणणे सोपे आहे. आक्षेप रास्त आहे. १९९४ साली गॅरेजमध्ये कंपनी सुरू करणाऱ्या माणसाला ही चैन परवडली नसती. तरीही त्यातला एक विचार पहिल्या दिवसापासून लागू आहे. दमलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय महाग पडतो, आणि संस्थापकाच्या चुकीची किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून जात नाही.

आता दुसरी बाजू. इलॉन मस्क यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत आपण आठवड्याला १२० तासांपर्यंत काम करत असल्याचे सांगितले. आपला वाढदिवस कारखान्यात गेला आणि सख्ख्या भावाच्या लग्नालाही आपण जेमतेम पोहोचलो, असेही ते म्हणाले. आपण व्यापारी माणसे, जरा गणित करू. आठवड्याचे तास १६८. त्यांतून १२० वजा केले की उरतात ४८, म्हणजे दिवसाला सात तासांहूनही कमी. आणि त्यांत झोप, जेवण, स्नान, प्रवास, मुले, आई-वडील सारे बसवायचे! ही मुलाखत वाचून त्यांना जाहीर पत्र लिहिणाऱ्या बाई होत्या एरियाना हफिंग्टन. त्यांनी स्वतः २००५ मध्ये एक वृत्तस्थळ काढले होते आणि एप्रिल २००७ मध्ये झोपेअभावी व थकव्याने त्या चक्कर येऊन कोसळल्या. गालाचे हाड मोडले. त्यांचा सल्ला अनुभवातून आलेला होता.

आपल्या देशातील उदाहरण झिरोधा कंपनीचे नितीन कामत यांचे. २०१० मध्ये बंगळुरात त्यांनी ही कंपनी काढली. सायंकाळी सहानंतर व सुट्टीच्या दिवशी सहकाऱ्यांनी कामाचे संदेश पाठवू नयेत, असा नियम त्यांनी केल्याचे प्रसिद्ध आहे. व्यायामाची आवड असलेल्या या गृहस्थांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले की आपल्याला सुमारे सहा आठवड्यांपूर्वी अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला. संभाव्य कारणे म्हणून त्यांनी वडिलांचा मृत्यू, अपुरी झोप, थकवा, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिव्यायाम यांचा उल्लेख केला. यावरून एकच एक कारण काढणे योग्य होणार नाही. परंतु इतके निश्चित म्हणता येते की शरीर कंपनीचा ताळेबंद पाहून सूट देत नाही.

याविषयी अभ्यासही झालेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन पेन्कव्हेल यांनी पहिल्या महायुद्धकाळातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये दाखवून दिले की आठवड्याला ७० तास राबणाऱ्याचे उत्पादन ५६ तासवाल्यापेक्षा फारसे जास्त नव्हते. वरचे चौदा तास जवळजवळ वायाच गेले. अमेरिकेत मायकेल फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २४२ उद्योजकांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकाराचा अनुभव घेतल्याचे सांगितले. मनाचा आजार ही लाज वाटण्याची बाब नव्हे, हे आपल्या समाजाने आता मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले आणि देशभर वाद झाला. त्यांच्याविषयी मला आदर आहे. देश उभा राहतो तो कष्टाने, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु याच कंपनीची दुसरीही एक कथा आहे. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती सुधाताईंनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर, आणि त्या काळात घर व मुले सांभाळण्याचा मोठा भार त्यांनीच उचलला. एका माणसाच्या सत्तर तासांमागे दुसऱ्या कोणाचे तरी तितकेच तास उभे असतात; मात्र ते कोणत्याही खातेवहीत जमा होत नाहीत. आपल्या घरातील मुलगा कंपनी काढतो तेव्हा आई, पत्नी, बहीण यांचे हे तास आपण गृहीत धरतो. आणि तीच कंपनी सुनेने किंवा मुलीने काढली तर? तिच्या मागे कोण उभे राहते? फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बँकिंग क्षेत्रातील मोठे पद सोडून 'नायका' ही कंपनी काढली आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आणली. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करावे तितके थोडे. पण प्रत्येक मुलीला पन्नाशीपर्यंत थांबावे लागू नये, ही जबाबदारी घराची आहे.

सर्वांनाच अतिरेक करावा लागतो असेही नाही. शिकागो येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या '३७ सिग्नल्स' या कंपनीने आठवड्याला ४० तास आणि उन्हाळ्यात चार दिवसांचा आठवडा असा क्रम वर्षानुवर्षे पाळला आणि नफाही मिळवला. तिच्या संस्थापकांनी वेगाने फुगण्याची शर्यतच नाकारली. म्हणजे दिवसाचे तास शेवटी महत्त्वाकांक्षेच्या मापावर ठरतात. कंपनी किती मोठी, किती लवकर आणि कोणाच्या पैशावर करायची, हे ठरवतानाच आपल्या संध्याकाळचा सौदा झालेला असतो.

येथे आपल्या परंपरेतील एक शब्द मला आठवतो: 'परिमाण'. श्रावकाच्या व्रतांत धन-धान्याला, दिशांना, भोगोपभोगाला मर्यादा घालून घेण्यास सांगितले आहे. श्रावकाला व्यापार वर्ज्य नाही. मात्र तो मर्यादेत करावा आणि ती मर्यादा आधी ठरवलेली असावी. धंद्याच्या तासांनाही असे परिमाण का असू नये? सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. या ४८ मिनिटांत व्यवहार बाजूला ठेवायचा असतो. ज्याला दिवसातून ४८ मिनिटे फोनपासून दूर राहता येत नाही, त्याची कंपनी त्याच्या मालकीची नसून तोच कंपनीच्या मालकीचा झाला आहे, असे मी म्हणेन. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या घरात तर संध्याकाळची वेळ आपोआप राखली जात होती. रात्रीच्या बैठका अटळ असतील, तर निदान त्या आधीचा हा एक तास सर्वांनी एकत्र बसण्यासाठी राखता येईल.

युवक मित्रहो, उपदेशापेक्षा व्यवहाराच्या काही सूचना करून आता आवरते घेतो. प्रथम, दोन आठवडे वेळेची रोजकीर्द लिहा. अर्धा तास कोठे गेला ते रात्री आठवून नव्हे, तर त्याच वेळी टिपा. व्यवस्थापनशास्त्राचे जाणकार पीटर ड्रकर यांनीही हेच सांगितले की काम आखण्यापूर्वी वेळ जातो कोठे ते पाहा. दुसरे, दिवसाचा एक सबंध अर्धा भाग घडवण्याच्या कामाला द्या आणि बैठका उरलेल्या अर्ध्यात गोळा करा. तिसरे, परदेशातील ग्राहकांशी रात्रीच्या भेटी आठवड्यातील ठराविक दोन-तीन वारांना ठेवा आणि ते वार घरात आधी सांगा. न सांगता आलेली रात्र घराला अधिक बोचते. चौथे, दुकानाची दुसरी किल्ली विश्वासू माणसाकडे असते तशी कामाची दुसरी किल्ली सहसंस्थापकाकडे किंवा सहकाऱ्याकडे द्या. तुम्ही दोन दिवस आजारी पडल्यावर जी कंपनी थांबते, ती अद्याप कंपनी झालेली नाही. पाचवे, झोपेला धावपट्टीच्या हिशेबात धरा. आणि तुमच्या हाताखाली काम करणारी मुलेही कोणाच्या तरी घरची आहेत, याचा विसर पडू देऊ नका. जो त्रास आपण स्वखुशीने घेतो, तो पगारावर काम करणाऱ्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ज्येष्ठांनाही दोन शब्द सांगण्याचे धाडस करतो. मुलगा रात्री अकराला घरी आला की 'एवढे करून मिळवलेस काय?' हा प्रश्न विचारू नका; तो प्रश्न तो दिवसभर स्वतःलाच विचारत असतो. घरचा पैसा घालायचा असेल तर किती आणि किती वर्षांसाठी, हे सर्वांसमक्ष ठरवा. त्यात सुनेलाही विचारा. दर सहा महिन्यांनी एकत्र बसून हिशेब पाहा. कंपनी बंद करावी लागली तर मुलाला परत येण्यासाठी दार उघडे असल्याचे आधीच सांगून ठेवा. आपल्या पूर्वजांच्याही पेढ्या बुडाल्या होत्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. परंतु खचलेला माणूस उभा राहण्यासाठी घर शाबूत असावे लागते. ज्याला अपयश घरी सांगता येते, तो सहसा चुकीच्या वाटेने जात नाही, कर्ज लपवत नाही आणि जिवावर उदार होत नाही.

या संस्थेचे पुढील पन्नास वर्षांचे कार्य आजच्या युवकांच्या हाती जाणार आहे. ते कार्य करण्यासाठी त्यांच्याकडे, आपल्या संस्थापकांकडे होती तशी, एक मोकळी संध्याकाळ असली पाहिजे. ती त्यांना मिळावी, त्यांचे उद्योग भरभराटीस यावेत आणि त्या भरभराटीत त्यांचे घर व आरोग्य अबाधित राहावे, अशी सदिच्छा व्यक्त करतो.